दुधाचेच दात, पडणारच आहेत

चिऊ, माझी नात, दोन वर्षं आठ महिन्यांची होती. एका रात्री तीन वाजता ती डावा गाल धरून रडत उठली. आम्हाला वाटलं कान दुखतोय. मुलाने कानात टॉर्च मारून पाहिलं, सुनेने औषध दिलं आणि मी नेहमीसारखी दुधाची बाटली आणली. बाटली तोंडाला लागताच पोर किंचाळली. सकाळी मांडीवर घेऊन तोंड उघडून पाहिलं, तर खालच्या डाव्या दाढेपाशी हिरडीवर मुगाच्या दाण्याएवढी पुळी, टोकाला पिवळी.

ती बाटली दोन वर्षं रोज रात्री मीच भरत होते. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्या बाटलीपाशीच येऊन थांबतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याकडे. निवृत्त झाले आणि त्याच वर्षी चिऊचा जन्म झाला. सुनेची सव्वीस आठवड्यांची रजा संपली तशी मी पुण्याला मुलाकडे राहायला आले. दोघांची नोकरी, सकाळी साडेसातला घर सोडायचं, म्हणून रात्रीचं जागरण मी आपल्याकडे घेतलं. अकराला एक बाटली, तीनला एक. दूध फिकं लागतं म्हणून पोर तोंड फिरवायची, तेव्हा चमचाभर साखर घालायला लागले. ती पीत पीत झोपायची, बाटलीचं बोंडूक तोंडातच राहायचं. मला समाधान वाटायचं की लेकरू भरल्या पोटी झोपलं.

खुणा दिसत नव्हत्या असं नाही. दीड वर्षाची असताना वरच्या पटाशीच्या दातांवर, अगदी हिरडीलगत, खडूने ओढल्यासारखी पांढरी रेघ दिसत होती. मी फडक्याने पुसून पाहिली, गेली नाही. दाताचा रंगच तसा असेल म्हणून सोडून दिलं. पुढे दोन वर्षांची होईतो त्या रेघेच्या जागी तपकिरी डाग आले. तेव्हा तिला लोहाचं औषध सुरू होतं आणि त्याने दात काळे पडतात हे आम्ही ऐकलं होतं, त्यामुळे दोष औषधावर गेला. शेजारच्या बाई म्हणाल्या, दुधाचेच दात आहेत, पडणारच आहेत. मीही सुनेला तेच सांगितलं. ती एकदा तिला घेऊन जवळच्या एका दवाखान्यात गेली, तिथेही हेच ऐकून आली. तिघांनी सांगितल्यावर ती गप्प बसली. तिच्या मनातली शंका बरोबर होती, आणि तिला गप्प करणाऱ्यांत मी होते, याचं मला आजही वाईट वाटतं.

पुळी दिसली त्या दिवशी मात्र आम्ही थेट एका दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात गेलो. तिथे लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग असतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं. खासगीत नंतर चौकशी केली तेव्हा कळलं की महाविद्यालयातला खर्च बराच कमी आहे. वेळ मात्र जातो. नंबर लावून बसावं लागतं, आणि शिकणारे डॉक्टर आधी तपासतात, मग त्यांच्या मॅडम येऊन पाहतात. मला त्याचं काही वाटलं नाही. उलट दोनदा पाहिलं जातं.

तपासणी खुर्चीत झालीच नाही. डॉक्टर बाई माझ्यासमोर स्टूल घेऊन बसल्या, त्यांचे गुडघे माझ्या गुडघ्यांना लावले आणि चिऊला माझ्याकडे तोंड करून मांडीवर बसवायला सांगितलं. तिचे पाय माझ्या कमरेच्या दोन्ही बाजूंना. मग तिला अलगद मागे झुकवलं, तिचं डोकं त्यांच्या मांडीवर. तिचे हात मी धरले होते आणि ती मला पाहू शकत होती. ती रडली, पण रडताना तोंड उघडंच असतं, डॉक्टरांना तेवढं पुरलं. त्यांनी वरचा ओठ बोटाने उचलला आणि मला म्हणाल्या, “आजी, इथे बघा.”

तोवर मी तिचा ओठ असा कधी उचललाच नव्हता. हसताना जेवढे दात दिसतात तेवढेच मी पाहिले होते. वरचे चारही पटाशीचे दात हिरडीपाशी खालून कोरल्यासारखे झालेले. वरच्या दोन्ही बाजूंच्या पुढच्या दाढांत खड्डे. खालची डावी दाढ तर आतून पोखरलेली, पू त्याच मुळाशी. खालचे पुढचे चार दात मात्र मोत्यासारखे स्वच्छ. डॉक्टर म्हणाल्या, ही खूण बघूनच रात्रीची बाटली कळते. दूध ओढताना जीभ खालच्या दातांवर येते, तिथे लाळही भरपूर असते, म्हणून ते वाचतात. वरच्या दातांभोवती दूध साचून राहतं. झोपेत लाळ फार कमी सुटते, त्यामुळे धुऊन निघत नाही. तोंडातले जंतू त्या साखरेचं आम्ल करतात आणि ते आम्ल रात्रभर दाताचं आवरण विरघळवत बसतं. दुधाच्या दातांचं आवरण आधीच पातळ, त्यामुळे कीड आत पोचायला वेळ लागत नाही.

लोहाच्या औषधाचं मी विचारलं. त्यांनी एका मागच्या दातावरचा काळसर डाग पॉलिशच्या ब्रशने घासला, तो निघाला. “हा औषधाचा,” म्हणाल्या. मग पुढच्या दातावरचा दाखवला. “हा निघणार नाही, हा खड्डा आहे.” आणि ती पांढरी रेघ? ती कीड लागण्याची पहिली पायरी होती. त्या वेळी रात्रीचं दूध बंद करून फ्लोराईडचं लेपन केलं असतं तर दात तिथेच सावरू शकले असते. दीड वर्षाच्या चिऊचा एक फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहे, दुडदुडत येताना हसतेय. त्यात ती रेघ स्पष्ट दिसते.

मी त्यांना विचारलं, पडणारच आहेत तर काढून का टाकत नाही? त्यांनी एक्स-रे उजेडाच्या फळीवर लावला. दुधाच्या दाढेच्या मुळांच्या बेचक्यात, हाडाच्या आत, कळीसारखा दुसरा दात दिसत होता. तो कायमचा. दुधाच्या दाढेच्या मुळाशी साचलेला पू त्या कळीलाही त्रास देऊ शकतो. शिवाय ही दाढ पडायला चिऊ दहा-अकरा वर्षांची व्हावी लागेल. तोवर आठ वर्षं जेवणार कशाने? आणि दाढ लवकर काढली की शेजारचे दात मोकळ्या जागेत कलतात, मग खालून येणाऱ्याला जागा उरत नाही, तो वाकडा येतो. काढावीच लागली तर जागा राखायला तारेची कडी बसवतात. पण आधी वाचवून पाहू, असं त्यांचं मत पडलं.

उपचार सहा खेपांत झाले. पहिल्या खेपेला त्यांनी काही केलंच नाही, फक्त खुर्ची वर-खाली केली, आरसा तिच्या हातात दिला, पाण्याचा फवारा तिच्या तळहातावर मारून दाखवला. त्यांची रीतच तशी: आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं. मी आयुष्यभर पहिलीच्या वर्गाला हेच केलं, पण दवाखान्यात हे चालत असेल असं मला वाटलं नव्हतं. एक गोष्ट त्यांनी आम्हालाही बजावली. घरून निघताना “दुखणार नाही हं, घाबरू नको” असं म्हणायचं नाही. दुखणं आणि घाबरणं हे दोन शब्द आपणच तिच्या कानात घालतो. म्हणायचं, “दात मोजायला जायचंय.”

दुसऱ्या खेपेला दाढेचं काम. हिरडीला आधी जेल लावलं, मग “दाताला झोपवलं”. आतली सडलेली नस काढून मुळं साफ केली आणि विरघळणारं औषध भरलं. विरघळणारं यासाठी की पुढे कायमचा दात वर यायला लागतो तेव्हा दुधाच्या दाताची मुळं झिजतात, त्यांच्याबरोबर आतलं औषधही जायला हवं. पुढच्या खेपेला त्यावर स्टीलची चकचकीत टोपी बसली. चिऊ तिला “माझी चांदीची दाढ” म्हणते. पुळी चार-पाच दिवसांत बसली. आठवडाभराने पोर त्याच बाजूने ज्वारीची भाकरी चावायला लागली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, गेले कित्येक महिने ती भाकरीचा घास गालात ठेवून बसायची, वरण-भात तेवढा गिळायची, आणि आम्ही तिला जेवायला नखरे करते म्हणून रागवायचो.

वरच्या दोन दाढांत दाताच्या रंगाचं सिमेंट भरलं. पुढच्या चारपैकी मधल्या दोघांना पारदर्शक साच्यातून नवा आकार दिला. कडेच्या दोघांवर चांदी आणि फ्लोराईडचं एक द्रावण नुसतं काडीने लावलं. सुई नाही, यंत्र नाही, मिनिटभराचं काम. त्याने कीड थांबते, मात्र किडलेला भाग कायमचा काळा होतो. सुनेला हे जड गेलं. शाळेत पोरं हसतील म्हणून ती त्या रात्री रडली. मी तिची समजूत घातली नाही, कारण चुकीची समजूत घालून मी एकदा नुकसान केलं होतं. नुसती शेजारी बसले. पुढे डॉक्टरांनी त्यावर पांढरं भरणही करून दिलं, काळं आता आत झाकलं गेलंय.

पण खरं काम घरीच होतं. डॉक्टरांनी पाच दिवसांची वही लिहायला सांगितली. चिऊच्या तोंडात जे जे जाईल ते वेळेसकट लिहायचं, औषधसुद्धा. लिहिणं माझ्या हातचं. मी आखीव वहीत सुंदर अक्षरात लिहून नेलं. डॉक्टरांनी लाल पेन घेतला आणि जिथे जिथे गोड होतं तिथे खूण करत गेल्या. एका दिवसात अकरा खुणा. सकाळी दूध-बिस्कीट, दहाला राजगिऱ्याचा लाडू, अकराला दोन मनुका, बाराला दोन मनुका, जेवणानंतर गुळाचा खडा, दुपारी झोपताना बाटली, चारला चिक्की, पाचला दुकानातून आणलेला फळांचा रस, खोकल्याचं गोड औषध, रात्रीच्या दोन बाटल्या.

मी म्हटलं, यात चॉकलेट कुठेच नाही. गूळ, राजगिरा, मनुका तर पौष्टिक. त्यांनी सांगितलं, अंगाला पौष्टिक असेल, पण दातावरच्या जंतूला गूळ काय आणि साखर काय, दोन्ही सारखंच. आणि किती खाल्लं यापेक्षा कितीदा खाल्लं हे महत्त्वाचं. प्रत्येक गोड घासानंतर तोंडात आम्ल तयार होतं आणि लाळेला ते शमवायला साधारण अर्धा तास लागतो. अकराला दोन मनुका, बाराला दोन मनुका म्हणजे दोन अर्धे तास. त्याच चार मनुका जेवणात एकदम दिल्या तर एकच. दाताला विश्रांतीच मिळाली नाही तर लाळेतलं कॅल्शियम परत दातात मुरणार कधी? मला हे इतकं पटलं की मी घरी येऊन वही पुन्हा उघडली आणि सगळं गोड दोन जेवणांच्या ताटात मांडलं. गोड बंद केलं नाही. शिऱ्याचा दिवस असेल तर शिरा जेवणातच, आणि वरून पाणी. मधल्या वेळेला फुटाणे, शेंगदाणे ठेचून, काकडी, गाजर किसून, पनीर, साधं दही, थालीपिठाचा तुकडा. त्या संक्रांतीला धाकट्या जावेच्या नातवाचं बोरन्हाण होतं, तिथे चुरमुरे, बोरं, हरभऱ्याचे घाटे आणि तिळाच्या रेवड्या टाकल्या. गोळ्या-चॉकलेटं आम्ही आधीच वगळायला सांगितली, कोणाला काही कमी वाटलं नाही.

रात्रीची बाटली सोडवणं सगळ्यात कठीण गेलं. एकदम बंद करायची माझी हिंमत नव्हती. आधी चार रात्री साखर अर्धी, मग अजिबात नाही. त्यानंतर दुधात पाणी वाढवत गेले, एक भाग पाणी, मग दोन भाग. नवव्या रात्री बाटलीत नुसतं पाणी होतं. तिने एक घोट घेतला, बाटली भिरकावली आणि तासभर रडली. मुलगा दारात येऊन म्हणाला, “आई, दे ना एवढी आजच्या दिवस.” मी दिली नाही. पाठीवर थापटत राहिले, शाळेतल्या बडबडगीतांवर बडबडगीतं म्हणत राहिले. तिसऱ्या दिवशी ती रात्रीची उठलीच नाही. भूक नव्हतीच ती, सवय होती. संध्याकाळचं जेवण मात्र आपोआप वाढलं. दूध आता कपाने पिते, जेवणासोबत, ब्रश करायच्या आधी.

आता ब्रश. मला वाटायचं, मुलीच्या हातात ब्रश दिला, ती घासते, झालं. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांच्या हाताला ते जमत नाही, मोठ्यांनीच घासायचं. पद्धतही शिकवली. मी पलंगावर बसते, चिऊचं डोकं मांडीवर, तिचे पाय पुढे. डाव्या हाताच्या बोटाने ओठ उचलायचा, ब्रश दात आणि हिरडी जिथे मिळतात तिथे तिरका टेकवायचा आणि लहान लहान गोल फिरवायचा. मागच्या दाढा आधी, कारण पोर कंटाळतं ते शेवटी. दोन मिनिटं. सकाळचा एक वेळ राहिला तर राहिला, रात्रीचा चुकवायचा नाही, आणि त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही. तिच्या मागच्या दोन दाढा एकमेकींना चिकटून आहेत, तिथे ब्रश जात नाही, म्हणून रात्री दोऱ्याने साफ करते.

पहिल्या आठवड्यात हिरडीतून रक्त यायचं. मी घाबरून त्या बाजूने ब्रश लावणं सोडलं. डॉक्टर म्हणाल्या, उलट तिथेच हलक्या हाताने जास्त लक्ष द्या. घाण साचून हिरडी सुजली आहे, म्हणून रक्त येतंय. दहा-बारा दिवसांत थांबलं, आणि लालभडक कडा फिकट गुलाबी झाली.

पेस्टवरून मात्र मी त्यांच्याशी वाद घातला. त्यांनी फ्लोराईड असलेली सांगितली आणि माझ्या अंगावर काटा आला. मी नोकरी केली त्या भागात बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे. माझ्या वर्गात तपकिरी पट्टे पडलेल्या दातांची कितीतरी मुलं होती, हसताना तोंडावर हात धरायची. गावातल्या एका हातपंपाला, पाणी पिऊ नये म्हणून, लाल रंग मारला होता, तरी उन्हाळ्यात विहीर आटली की लोक तिथेच जायचे. तेच विष नातीच्या तोंडात घालू? डॉक्टरांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग समजावलं, की पिण्याच्या पाण्यात लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराईड योग्य, दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत. तुमच्या मुलांनी त्याहून जास्त असलेलं पाणी वर्षानुवर्षं प्यायलं, तेही कायमचे दात हाडात तयार होत असताना. पुण्यात धरणाचं पाणी, त्यात फ्लोराईड सहसा कमीच असतं. आणि पेस्ट गिळायची नसते, ती दाताला बाहेरून लागते. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर लाट दाखवतात ती विसरा. ट्यूब मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवायची नाही. ब्रश झाल्यावर थुंकायचं, चुळा भरभरून सगळं धुऊन टाकायचं नाही. बोअरचं पाणी पिणाऱ्या गावात असता तर आधी पाणी तपासून आणायला सांगितलं असतं, असंही त्या म्हणाल्या. त्या एका वाक्याने माझा विश्वास बसला. गावाकडच्या माझ्या जुन्या सहकारी बाईंना मी फोन करून हे कळवलं. अंगणवाडी आणि शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, ते दातही बघतं. त्या दिवशी मुलांचे ओठ उचलून दाखवा, असं मी त्यांना सांगितलं.

माझ्या तोंडाचीही तपासणी झाली. लहानपणी राखुंडीने दात घासले, आई मिश्री लावायची तेव्हा तिच्या डब्यातली चिमूटभर मीही लावून पाहिलेली. माझ्या दोन दाढा किडक्या होत्या, वर्षानुवर्षं लवंग धरून काढत होते. चिऊचा घास मी आधी जिभेला लावून बघायची, चमचा चाटून मग तिला भरवायची. दात किडवणारे जंतू बाळ जन्मताना तोंडात नसतात, बहुधा सांभाळणाऱ्याच्याच लाळेतून जातात, हे ऐकून मी त्याच आठवड्यात दोन्ही दाढांवर उपचार करून घेतले. आता चमचे दोन असतात.

चिऊला आता भाऊ झालाय, आठ महिन्यांचा. पहिला दात यायच्या आधीपासून मी त्याच्या हिरड्या ओल्या मऊ फडक्याने रात्री पुसते. खाली दोन दात आलेत, तेव्हापासून तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट. वाढदिवसाच्या आत त्याला दाखवायला न्यायचं ठरलंय. त्याचंही डोकं त्याच डॉक्टरांच्या मांडीवर असेल.

चिऊला दर तीन महिन्यांनी फ्लोराईडचं लेपन करायला नेत होतो, आता दर सहा. गेल्या वर्षभरात नवी कीड नाही. ती पाच वर्षं दहा महिन्यांची आहे. परवा रात्री ब्रश करताना चांदीच्या दाढेच्याही मागे, शेवटच्या दाढेपलीकडे, माझ्या बोटाला काहीतरी टणक लागलं. टॉर्च लावून पाहिलं. हिरडीतून एक पांढरा उंचवटा डोकावत होता. दात कुठला पडला नव्हता, जागा रिकामी झाली नव्हती, तरी नवीन दाढ येत होती. सहाव्या वर्षी ही अशी मागून गुपचूप येते आणि घरच्यांना दुधाचीच वाटते, हे डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलं होतं.

मी सुनेला हाक मारली. तिने वाकून पाहिलं आणि विचारलं, “आई, ही पडणार का?”

“नाही,” मी म्हटलं. “ही तिच्या म्हातारपणापर्यंतची.”

अजून अर्धीच वर आली आहे. पूर्ण आली की तिच्या खोल खाचा लेप लावून बुजवून घ्यायच्या आहेत. तोवर ब्रश आडवा धरून तिच्यापर्यंत पोचवावा लागतो, नाहीतर तो शेजारच्या उंच दाढेवरूनच फिरतो. पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला नंबर लावलाय.